सर्व्हर उठतोय, थांबा

यंदाच्या अंकाचा विषय ‘थांबणं’ आहे, असं संपादकांनी कळवलं. रांगेत थांबणाऱ्या माणसांवर पुष्कळ लिहिलं जातं. पण ज्या यंत्रासाठी ती थांबतात, ते त्या वेळी आत काय करत असतं, हे मला बघायचं होतं. त्यासाठी मी शहाद्याला गेलो.

शहादाच का, तर टेंभलीमुळे. शहादा तालुक्यातल्या या छोट्या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी इथवर आले होते आणि पहिल्या आधारधारक म्हणून रंजना सोनवणे यांचं नाव देशभर छापून आलं. आज १३० कोटींहून जास्त माणसांची नोंद असलेल्या एका प्रचंड डेटाबेसची सुरुवात पपई, केळी आणि उसाच्या या पट्ट्यात झाली. ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द ज्यांना पाठ झाले आहेत, अशा माणसांमध्ये याच भागातली माणसं येतात.

तालुक्यातल्या एका रास्त भाव दुकानात एक आजी पिशवी घेऊन बसल्या होत्या. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळतं. पण ते मिळण्याआधी यंत्रावर अंगठा लावावा लागतो आणि लांबच्या कुठल्या तरी संगणकाने हो म्हणावं लागतं. यंत्राच्या पडद्यावर गोल फिरत होतं. “आज बी सर्व्हर बंद शे का?” आजींनी विचारलं. दुकानदार म्हणाला, “येईल आजी, बस जरा.” त्यालाही याहून जास्त काही ठाऊक नव्हतं. मोबाइलची रेंज गेली असेल, अंगठ्याची पडताळणी अडली असेल, राज्याच्या यंत्रणेवर ताण आला असेल, किंवा कुठला तरी डेटाबेस पडून पुन्हा उठत असेल. रांगेतल्या माणसाला हे सगळं एकाच नावाने सांगितलं जातं.

यातल्या शेवटच्या शक्यतेबद्दल हा लेख आहे. डेटाबेस अचानक पडतो, पुन्हा सुरू होतो, पण काही केल्या उत्तर देत नाही. तो धड चालू नसतो, बंदही नसतो. या अवस्थेला तंत्राच्या भाषेत क्रॅश रिकव्हरी म्हणतात आणि सर्वांत जास्त नुकसान याच काळात, माणसांच्या हातून होतं.

लाईट गेली त्या सकाळी

शहाद्यात रेल्वे नाही. जवळची स्थानकं नंदुरबार आणि दोंडाईचा. मोठ्या शहरातली कंपनी संगणकाची यंत्रणा बसवून जाते, देखभालीचा करार होतो, आणि प्रत्यक्ष अडचण येते तेव्हा गावातच राहणाऱ्या कुणाला तरी फोन जातो. मला भेटलेला तरुण असाच एक. पुण्यात काही वर्षं डेटाबेस सांभाळायची नोकरी करून तो घरी परतला आणि आता परिसरातल्या संस्थांची अशी कामं बघतो. तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेतला प्रसंग त्याने मला सांगितला. सांगितला म्हणण्यापेक्षा वाचून दाखवला, कारण त्या सकाळचा सर्व्हरचा लॉग त्याने जपून ठेवला आहे.

पावसाळ्याचे दिवस. महिनाअखेरचं व्याज खात्यांवर टाकण्याचं काम रात्री लावून दिलेलं. पहाटे लाईट गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या झालेल्या, त्यांनी मिनिटभरही दम धरला नाही. लाईट आली तसा सर्व्हर आपोआप सुरू झाला. काउंटर उघडायच्या वेळी मात्र प्रत्येक संगणकावर एकच ओळ होती: ‘द डेटाबेस सिस्टीम इज स्टार्टिंग अप’. तासाभराने तीच ओळ. बाहेर पैसे काढायला आलेले सभासद. आतून फोन: “भाऊ, बंद करून परत चालू करू का?”

“हात लावू नका, मी येतो,” एवढंच त्याने सांगितलं. हे वाक्य किती महत्त्वाचं होतं, याचा उलगडा मला पुढे लॉग वाचताना झाला.

रोजकीर्द आणि खतावणी

लक्ष्मीपूजनाला ज्यांच्या घरी चोपड्या पुजल्या जातात त्यांना डेटाबेसची गोम चटकन कळेल. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत उतरतो, घडला त्या क्रमाने, एकाखाली एक. मग सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर, खतावणीत जातो. डेटाबेस नेमकं हेच करतो. तुमच्या खात्यात हजार रुपये जमा झाले की तो बदल आधी एका क्रमवार लॉगमध्ये डिस्कवर पक्का लिहिला जातो. तेवढं झालं की काउंटरवर ‘व्यवहार पूर्ण’ दिसतं. खात्याचं मूळ पान मात्र अजून मेमरीतच बदललेलं असतं. ते डिस्कवर नंतर, इतर पानांसोबत उतरतं. ठरावीक अंतराने डेटाबेस सगळी बदललेली पानं डिस्कवर उतरवून खूण करतो की इथपर्यंतचं सगळं मूळ जागी पोचलं. त्या खुणेला चेकपॉइंट म्हणतात.

वीज गेली की मेमरीतलं जातं. लॉग राहतो. म्हणून पुन्हा उठताना डेटाबेस शेवटच्या चेकपॉइंटपाशी जातो आणि तिथून पुढची लॉगमधली प्रत्येक नोंद वाचून मूळ पानांवर पुन्हा करतो. हे संपेपर्यंत तो कुणालाही आत घेत नाही, कारण अर्धवट पानांवरून सांगितलेली शिल्लक खोटी असू शकते. दार बंद ठेवणं हा त्या वेळी त्याचा प्रामाणिकपणा असतो.

ही रीत आज सगळीकडे गृहीत धरली जाते, पण तिची काटेकोर मांडणी व्हायला वेळ लागला. मद्रासच्या आयआयटीत शिकून अमेरिकेत आयबीएममध्ये संशोधन करणारे सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘एरीज’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. आधी लॉग चाळून पडतेवेळची स्थिती ठरवायची, मग सगळ्या नोंदी पुन्हा करायच्या, आणि शेवटी जे व्यवहार अर्धवट राहिले ते मागे घ्यायचे. अनेक मोठे डेटाबेस कमीअधिक फरकाने याच वाटेने जातात.

तालुक्यातल्या त्या सहकारी संस्थेत होता पोस्टग्रेस हा डेटाबेस. बर्कलीच्या विद्यापीठात तो जन्मला तेव्हा त्याच्यात असा लॉग नव्हता. जुनी ओळ न खोडता शेजारी नवी लिहायची, म्हणजे पडल्यावर लगेच उठता येईल, अशी त्याच्या जनकांची कल्पना होती. लॉग आला तो २००१ मधल्या ७.१ आवृत्तीत. जुन्या रचनेची एक खूण मात्र आजही शिल्लक आहे. पोस्टग्रेसला अर्धवट व्यवहार उलटे फिरवत बसावे लागत नाहीत. ते पक्के झाले नाहीत एवढं कळलं की त्यांनी लिहिलेल्या ओळी कुणाला दिसतच नाहीत. त्यामुळे त्याची रिकव्हरी म्हणजे जवळजवळ सगळी ‘रिडू’, पुन्हा करणं.

तीच ओळ, दर दीड मिनिटाने

तो पोचला तेव्हा आधी त्याने कशालाही हात लावला नाही. डिस्कवर जागा किती आहे ते पाहिलं. लॉग लिहायला जागा नसेल तर पोस्टग्रेस उठता उठता पुन्हा पडतो, आणि अशा वेळी कुणीतरी ‘लॉग म्हणजे काय, कचराच’ असं समजून त्या फायली उडवतं. रोजकीर्दीची पानं फाडण्यासारखंच ते. खतावणी मग कशावरून पुरी करणार? जागा होती. मग ऑपरेटिंग सिस्टीमने डिस्कबद्दल काही तक्रार नोंदवली आहे का ते पाहिलं. तीही नव्हती.

मग त्याने डेटाबेसच्या संदेशांचा वेगळा लॉग उघडला आणि मलाही तो तसाच वाचायला लावला. पहिली ओळ: डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, आपोआप रिकव्हरी सुरू आहे. दुसरी: रिडू अमुक ठिकाणापासून सुरू. त्यापुढे एक लांबलचक आकडा. त्यानंतर काही नाही. आणि मग अचानक, बंद होण्याचा हुकूम मिळाला. पुन्हा पहिली ओळ. पुन्हा रिडू सुरू. “आकडा बघा,” तो म्हणाला. आकडा तोच होता. खाली सरकत गेलो तर हेच पुन्हा पुन्हा, आणि दोन फेऱ्यांत अंतर दर वेळी दीड मिनिट.

सर्व्हर अडकला नव्हता. त्याला कुणीतरी मारत होतं.

लिनक्सवर सेवा सुरू करणारी सिस्टमडी नावाची व्यवस्था असते. एखादी सेवा ९० सेकंदांत ‘मी तयार आहे’ असं म्हणाली नाही तर ती बिघडली असं धरून सिस्टमडी तिला बंद करते. सेटिंग बदललं नाही तर मुदत एवढीच. त्यात इथे कुणीतरी ‘पडली तर पुन्हा सुरू कर’ अशी सोयही चांगल्या हेतूने घालून ठेवली होती. रिकव्हरीला दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ लागणार होता. पोस्टग्रेस असा मध्येच थांबवला तर पुढच्या वेळी पुन्हा त्याच चेकपॉइंटपासून सुरुवात करतो. पहाटेपासून तो तेच काम नव्वद सेकंद करत होता आणि पुन्हा शून्यावर येत होता. पोस्टग्रेसच्या अधिकृत पुस्तिकेत याचा स्पष्ट इशारा आहे आणि ही मुदत काढून टाकण्याची शिफारसही. पण यंत्रणा बसवताना ते पान वाचलं जातंच असं नाही.

त्याने मुदत काढली, डेटाबेस सुरू केला आणि खुर्ची ओढून बसला.

चालू आहे की अडकलंय

त्या वेळात त्याने काय पाहिलं, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ‘थांबा’ हे सांगणं सोपं आहे. कशाच्या भरवशावर थांबायचं, हे कुणीतरी दाखवावं लागतं.

चालू कामांची यादी मागितली की त्यात ‘स्टार्टअप रिकव्हरिंग’ असं लिहिलेली एक ओळ दिसते आणि पुढे २४ अक्षरांचं एका फायलीचं नाव. लॉग १६ एमबीच्या तुकड्यांत कापलेला असतो; आता कुठला तुकडा वाचणं चाललंय, हे त्या नावावरून कळतं. नाव बदलत असेल तर काम पुढे सरकतंय. नाव बराच वेळ तेच, आणि डिस्कही निवांत, तर मग काळजीचं कारण. नाव तेच पण डिस्क झपाटून चालली आहे, तर मोठ्या टेबलांची पानं इकडून तिकडून उचलली जात असतील. लॉग सलग वाचता येतो, पण ज्या पानांवर तो उतरवायचा ती डिस्कभर विखुरलेली असतात. जुन्या फिरत्या डिस्कवर वेळ जातो तो तिथे. शिवाय हे काम एकच प्रक्रिया करते. सर्व्हरमध्ये सोळा कोअर असले तरी पंधरा बघत बसतात.

त्याने दर मिनिटाला नाव कागदावर टिपलं आणि वेग काढला. किती तुकडे उरलेत, ते फोल्डरमधल्या शेवटच्या नावावरून ठरवायला मी सहज तयार झालो असतो. ते सांगताना त्याने मला सावध केलं. पोस्टग्रेस जुन्या फायलींना पुढची नावं देऊन आधीच तयार ठेवतो. त्यामुळे नाव न बघता फायलीत शेवटचं कधी लिहिलं गेलं ती वेळ बघायची. वीज गेली त्याच्या जरा आधीची वेळ जिच्यावर आहे, तिथे लॉग संपणार.

पुढे लॉगमध्ये एक ओळ आली, जिने व्यवस्थापकांचा चेहरा उतरला: ‘इनव्हॅलिड रेकॉर्ड लेंग्थ’. चुकीच्या लांबीची नोंद. तिचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की यापुढे लिहिलेलं काही नाही, व्यवहारांचा लॉग इथे संपला. त्याखालीच ‘रिडू डन’. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते, पण काउंटरवरची ओळ हलली नाही. कारण मेमरीत पुन्हा केलेलं सगळं आता डिस्कवर उतरवायचं होतं, म्हणजे रिकव्हरीच्या शेवटचा चेकपॉइंट. पुन्हा शांतता. हा टप्पा ज्यांना माहीत नसतो त्यांचा धीर नेमका इथे सुटतो.

मग दार उघडलं. रात्री जे व्याज खात्यांवर पक्कं झालं होतं ते होतं, जे अर्धवट होतं ते नव्हतं, आणि तेवढं काम पुन्हा लावून दिलं गेलं. कुणाचा एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही.

हात शिवशिवतात तेव्हा

उलट उदाहरण जगजाहीर आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा पोस्टग्रेसची दुय्यम प्रत नव्याने उभी करायला घेतली. त्यासाठीची आज्ञा दिली, तर ती काहीच बोलेना. खरं तर ती मुख्य सर्व्हरकडून डेटा यायची वाट पाहत होती; तसं पडद्यावर म्हणत मात्र नव्हती. आधीच्या प्रयत्नातला उरलेला रिकामा फोल्डर आड येत असेल असं समजून त्याने तो पुसायला घेतला, आणि दुय्यमऐवजी मुख्य सर्व्हरवर पुसला. क्षणात लक्षात आलं, आज्ञा थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. रोजचे बॅकअप बघितले तर आवृत्ती न जुळल्यामुळे ते होतच नव्हते, आणि अपयश कळवणारे मेल वाटेतच नाकारले जात होते. योगायोगाने सुमारे सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाती लागली. सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं उघडपणे लिहून प्रसिद्ध केलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

त्या अभियंत्याला दोष देऊन आपण काही शिकणार नाही. गप्प बसलेल्या यंत्रासमोर माणूस काहीतरी करू बघतोच. आणि अशा वेळी करण्यासारख्या घातक गोष्टी हाताशीच असतात. पोस्टग्रेसमध्ये लॉग झटकून नवा सुरू करणारं एक साधन आहे. ते वापरलं की डेटाबेस लगेच उठतो, पण आतली पानं एकमेकांशी जुळतीलच असं राहत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये रिकव्हरी जबरदस्तीने टाळण्याच्या १ ते ६ अशा पायऱ्या आहेत, आणि चौथ्या पायरीपासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, असं तिथेच लिहून ठेवलंय. ही साधनं वाचवण्यासारखं दुसरं काही उरलं नाही तेव्हाची आहेत, आणि तीही संपूर्ण फोल्डरची प्रत काढून ठेवल्यावरच वापरायची. शहाद्यातला हा तरुण तर म्हणतो की प्रत निघेपर्यंत कीबोर्डजवळ कुणाला बसूच देऊ नये.

म्हणून मला ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १५ मधली एक छोटी सुधारणा फार मोठी वाटते. सर्व्हर उठायला वेळ लागत असेल तर आता तो दर दहा सेकंदांनी लॉगमध्ये सांगतो की काय चाललंय आणि किती वेळ झाला. फायली डिस्कवर पक्क्या करतोय, अमुक फायलीवर आहे; रिडू चालू आहे, अमुक ठिकाणी आहे. रिडूच्या आधीचा हा फायलींचा टप्पाही लाखो फायली असतील तर बराच लांबतो आणि पूर्वी तो पूर्ण मुका होता. या सुधारणेपुढे प्रकाशन-टिपांत दोन नावं आहेत: नितीन जाधव आणि रॉबर्ट हास. वेग वाढवणाऱ्या सुधारणांचं कौतुक होतं. यंत्राला बोलतं करणाऱ्यांचंही व्हायला हवं.

नोंदीची किंमत

शहाद्यात बसून हे लिहिताना एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. या तालुक्याने नोंदीमुळे माणसं देशोधडीला लागलेली पाहिली आहेत. कर्जाच्या कागदावर अंगठा उठवून आदिवासींच्या जमिनी गेल्या. १९७२च्या सुमारास अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्या परत मिळवण्यासाठी इथे लढा उभा केला आणि आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४चा आहे. आज सातबारा, रेशन, आधार, पीककर्ज सगळं डेटाबेसात आहे. पूर्वी ज्या अंगठ्याने जमीन गेली, आज त्या अंगठ्यावर धान्य अवलंबून आहे.

म्हणून मला उशिरा उठणारा पण खरं सांगणारा सर्व्हर परवडतो. आजींच्या नोंदीत गेल्या महिन्याचं धान्य ‘दिलं’ असं दिसलं आणि ते मिळालेलंच नसेल, तर ते सिद्ध करायला त्यांनी कुणाकडे जायचं? पण या प्रामाणिकपणाची किंमत सध्या एकटा रांगेतला माणूस मोजतो. रोजंदारी बुडवून तो येतो आणि ‘उद्या या’ ऐकून जातो. किती वेळ लागेल हे आत कुणाला तरी कळू शकत असताना ते बाहेर न सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसऱ्या शनिवारी

त्या सकाळी रिकव्हरी इतकी लांबली कशामुळे, हेही त्याने शोधलं. पोस्टग्रेस मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांनी, किंवा लॉग साधारण एक जीबीच्या आसपास गेला की त्याआधीच, चेकपॉइंट घेतो. महिनाअखेरचं काम हळू चालतं म्हणून कुणीतरी दोन्ही मर्यादा खूप वाढवून ठेवल्या होत्या. चेकपॉइंट कमी झाले तर रात्रीचं काम पळतं, कारण प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं की ते अख्खं लॉगमध्ये लिहावं लागतं. पण पडल्यावर पुन्हा करायचं काम त्या प्रमाणात वाढतं. रात्रीचा वेग हवा की सकाळची खात्री, ही निवड कुणीतरी केली होती. संस्थेतल्या कुणालाही ती विचारली गेली नव्हती.

आता विचारली जाते. दुसऱ्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, मी तिथे होतो. डेटाबेसची प्रत एका जुन्या संगणकावर उतरवली होती. बॅकअपमधूनच उतरवली, म्हणजे बॅकअप खरोखर उघडतो का तेही कळावं. तिच्यावर महिनाअखेरचं काम लावलं आणि मध्येच प्लग ओढला. पुन्हा सुरू केल्यावर व्यवस्थापक मनगटावरचं घड्याळ बघत उभे राहिले. जुन्या मर्यादांवर पाऊण तासाच्या आसपास, कमी केलेल्या मर्यादांवर दहा मिनिटांच्या आत. रात्रीचं काम थोडं लांबलं. “रात्री कोण येतंय पैसे काढायला?” व्यवस्थापक म्हणाले आणि कमी मर्यादा पक्क्या झाल्या.

यूपीएसच्या नव्या बॅटऱ्यांचा ठराव झाला आहे. सर्व्हरच्या खोलीत एक कागद चिकटवलाय. त्यावर बंद-चालू करण्याआधी कुणाला फोन करायचा आणि काय काय बघायचं ते मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलंय. काउंटरच्या बाजूच्या फळ्यावर एक रिकामी चौकट आखली आहे. सर्व्हर पडला तर त्यात साधारण किती वाजेपर्यंत काम सुरू होईल ते लिहायचं. पुढच्या चाचणीला काउंटरवर बसणाऱ्या दोघींनाही बोलवायचं ठरलंय, कारण ती वेळ त्याच काढणार आणि त्याच लिहिणार आहेत.